विडा कुणाच्या घरचा

विर्दाला राग येत नाही, ही तिच्या आईची, यास्निमारची, जुनी काळजी. लोकांच्या आया मुली चिडक्या निघाल्या म्हणून कपाळाला हात लावतात. हिचं सगळं उलटंच. विर्दा पाच वर्षांची असताना शेजारच्या पोरांनी तिच्या हातातला पेरू हिसकावून नेला. ही रडत घरात आली नाही. स्वयंपाकघरातून मीठ-मिरचीची वाटी उचलली आणि सरळ त्या पोरांच्या मधोमध जाऊन बसली. मीठ-मिरची हिच्याकडे म्हटल्यावर पेरूची एक फोड हिलाही मिळाली. शेजारणी म्हणाल्या, काय गुणी पोर आहे. यास्निमारने हसून मान डोलावली, पण त्या दिवसापासून तिच्या मनात जे शिरलं ते काही निघालं नाही. हिचा राग जातो कुठे? आणि सगळ्यांच्या मधोमध बसणाऱ्या माणसाच्या पाठीशी कोण बसतं?

आता विर्दाने तिशी ओलांडली आहे. सिमावु नदीच्या सभेची ती चिटणीस आहे, म्हणजे नदीकाठच्या सगळ्या गावांच्या मधोमध तीच बसलेली असते. बुधवारी सकाळी मोटरसायकलच्या मागच्या सीटवर पितळी तबक घट्ट बांधून ती वर ताराताक उलूला गेली, आपल्या मामाकडे, आणि दुपार कलली तरी तिचा निरोप नव्हता. यास्निमारने नेच्याच्या कोवळ्या कोंबांचं नारळाच्या रसातलं कालवण दोनदा गरम केलं. तिसऱ्यांदा केलं तर ते फाटणार, हे तिला माहीत होतं. म्हणून मग ती ओट्याशी नुसतीच उभी राहिली.

ताराताक म्हणजे त्यांचं मूळ गाव. नदी तिथल्या डोंगरात उगम पावते आणि इथे मुआरोला समुद्राला मिळते. यास्निमारने जन्मभर मुआरोच्या शाळेत विज्ञान शिकवलं, नवरा जाकार्ताला कापड विकतो आणि ईदेला घरी येतो. पण घर आणि जमीन विचाराल तर ती ताराताकची. आईकडून ती यास्निमारकडे आली आणि तिच्याकडून विर्दाकडे जाणार. त्या मुलखात जमीन बायकांची असते, भाऊ राखणदार. यास्निमारचा थोरला भाऊ झुलबाहरी कुळाचा दातुक, म्हणजे प्रमुख, झाला, तेव्हापासून सगळं गाव त्याला दातुक बंदारो म्हणतं. यास्निमार मात्र अजून 'उदा'च म्हणते, थोरल्या भावाला म्हणतात तसं.

विर्दाला नदीचं वेड लावलं ते याच मामाने. ती सात वर्षांची असेल. ताराताकचा बंदीचा डोह दोन वर्षं बंद राहून आता उघडणार होता. डोहावर आडवी दोरी बांधून तिला माडाच्या कोवळ्या झावळीच्या झिरमिळ्या सोडलेल्या. झावळी आहे तोवर तिथे गळ टाकायचा नाही. टाकलाच तर पोट फुगून मरण येतं, असं सांगतात, आणि पोट फुगलेलं कुणी पाहिलेलं नसलं तरी गळही कुणी टाकत नाही. त्या दिवशी कुराणातल्या यासीनचा पाठ झाला, झावळी उतरली आणि सगळं गाव जाळी घेऊन पाण्यात शिरलं. मांडीएवढे गारिंग मासे निघाले. पहिला वाटा मशिदीचा, मग विधवांचा आणि पोरक्या मुलांचा, मग बाकीच्यांचा. विर्दा मामाच्या खांद्यावर बसून सगळं पाहत होती. मधेच तिने विचारलं, "मामा, मासा इथून खाली पोहत गेला तर त्याला कोण सांगतं, की पुढे बंदी नाही?"

दातुक इतका हसला की तोंडातलं पान पडलं. पुढे कित्येक वर्षं तो कॉफीच्या टपरीवर हा किस्सा सांगायचा.

विर्दा पादांगला शिकायला गेली आणि ती परत येईपर्यंत सिमावुचं पाणी दुधाच्या चहासारखं झालेलं होतं. एका कुणाचा तो अपराध नव्हता. वर ताराताकला सोनं धुणारी यंत्रं काठ उकरत होती. मधल्या बाजारगावात टोफू करणारे आंबट पाणी नदीत सोडत होते. खाली मुआरोचा सगळा कचरा पुलावरून पाण्यात पडत होता. खालचे मधल्यांकडे बोट दाखवत, मधले वरच्यांकडे, आणि वरचे आभाळाकडे. शेवटी जिल्ह्याच्या कचेरीने सगळ्यांना एका चटईवर बसवायचं ठरवलं: कुळांचे दातुक, टोफूवाले, होडीवाले, पाणीखातं, आरोग्यखातं. सभा झाली. चिटणीस मात्र कुणाला व्हायचं नव्हतं, कारण ओरडा तिथेच बसणार हे उघड होतं. विर्दाने हात वर केला. घरी येऊन सांगितलं तेव्हा यास्निमारला आधी तो पेरू आठवला.

पहिलं वर्ष डायपरमध्ये गेलं. मुआरोच्या बायका बाळांचे डायपर पुलावरून टाकत. जाळले तर बाळाचं बूड पोळतं, अशी ठाम समजूत. आरोग्यखात्याच्या बाईंनी दोन व्याख्यानं दिली, बायकांनी माना डोलावल्या, आणि डायपर पुलावरून पडत राहिले. विर्दा जाऊन त्यांच्यात बसली, कुणाचं बाळ मांडीवर घेतलं आणि म्हणाली, जाळायचे नाहीत ना, मग पुरू या. बुडाला मातीने तर काही होत नाही? बायकांनी आपसात विचार केला. मातीबद्दल कुणाच्या आजीने काही सांगितलेलं नव्हतं. बाजारामागे खड्डे झाले, एक हातगाडी फिरू लागली, आणि सहा महिन्यांत पुलाखालचं पाणी पाण्यासारखं दिसू लागलं.

विज्ञानाच्या बाईंना हे पटलं नाही. "ही अंधश्रद्धा आहे, असं स्पष्ट का नाही सांगितलंस त्यांना?"

"तू जन्मभर सांगितलंस की, अमाक," विर्दा भात कालवत आईला म्हणाली. "तरी डायपर कुठे पडत होते?"

टोफूवाल्यांचंही असंच. त्यांचा पुढारी मास वागिमान हा जावाकडचा माणूस, इतका अदबशीर की प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा आणि एकही करायचा नाही. विर्दा महिनाभर रोज पहाटे त्याच्या भट्टीवर जाऊन गरम टोफू खात बसली. महिन्याअखेरीस तोच कंटाळून म्हणाला, बोला, ते पाणी कुठे सोडू? आज त्या आंबट पाण्याच्या बंद टाकीतून गॅस निघतो आणि त्याच्या भट्ट्या त्यावर पेटतात. ही गोष्ट तो आता अशी सांगतो, जणू कल्पना त्याचीच होती. विर्दा ते ऐकून घेते आणि वर वाहवा करते.

आणि मग सात वर्षांच्या पोरीचा तो प्रश्न सभेत आला. माशाला पुढची बंदी कोण सांगणार? विर्दाने मांडलं, की एकेका गावाचा डोह एकट्याने बंद करून भागत नाही. वरपासून खालपर्यंत डोहांची माळ करू. सगळे एकाच दिवशी बंद, एकाच दिवशी उघडायचे. एकाने गढूळ केलं तर सगळ्यांचे मासे मरतील, म्हणून प्रत्येकाचा डोळा प्रत्येकावर राहील, पोलिसांची गरज नाही. खालच्या आणि मधल्या गावांनी मानलं. मुआरोच्या कोळ्यांनी तर दोन वर्षं आपल्या डोहात जाळं टाकलं नाही. माळेत एकच मणी कमी होता, तो सगळ्यात वरचा. ताराताक.

इथे विर्दाची चूक झाली, आणि ती ताराताकच्या पोरीने करावी याचं यास्निमारला अजून नवल वाटतं. खालच्या गावांचं सगळं काम फोनवरच्या गटात चाले. बैठकीची वेळ तिथेच पडायची, भांडणं तिथेच व्हायची, मास वागिमान रोज सकाळी तिथेच फुलांची चित्रं टाकायचा. ताराताकला माळेत घेण्यासाठी मोठी बैठक ठरली, तेव्हा विर्दाने सुंदर निमंत्रण तयार केलं, वर जिल्ह्याची मोहोर, आणि दातुक मंडळींच्या फोनवर पाठवून दिलं. सगळ्यांनी वाचल्याची खूणही दिसली. बैठकीच्या दिवशी वरच्या गावासाठी अंथरलेली चटई रिकामी राहिली. भात वाया गेला.

ताराताकला गरिबातल्या गरिबाच्या घरचं लग्न असलं तरी कुणीतरी दारात येऊन विडा पुढे करतं. हल्ली तरुण माणसाला सिगारेट दिली तरी चालते, पण दातुकला विडाच. पुढे एका लग्नात कुणीतरी दातुक बंदारोला विचारलं, भाचीच्या बैठकीला का नाही गेलात? तो म्हणाला, "फोनवरून कोंबडी मागवतात. दातुकला बोलवायचं तर दारात यावं लागतं." हे वाक्य माशाहून लवकर खाली पोचलं.

मुआरोच्या मासळीबाजारात एतेक रोस, म्हणजे सगळ्यांची रोसमावशी, बसते. तिचं तोंड आणि तिचा सुरा, दोन्हींना धार सारखीच. तिने भर बाजारात विर्दाला सुनावलं. "आमची जाळी दोन वर्षं खुंटीला. पोरं शेजारगावचे मासे विकत आणतात. आणि यंत्रं कुणाच्या काठावर आहेत? तुझ्याच मामाच्या. आधी मामाला आण, बाई, मग आम्हाला माळा घाल." विर्दाने तिच्याकडून पाव किलो सुकट घेतली आणि म्हणाली, एतेक, खरं आहे तुमचं. त्यावर रोस आणखीच भडकली, कारण भांडायला निघालेल्या बाईला खरं आहे म्हणणं म्हणजे तिच्या चुलीत पाणी ओतणं.

येत्या रविवारी मुआरोचे कोळी आपल्या डोहाशी जमणार होते. ताराताक आलं नाही तर झावळी उतरवायची, असं त्यांनी जाहीर केलं होतं. दोन वर्षं राखलेले मासे एका सकाळीत संपणार. ते पाहून मधली गावं उठणार. पुन्हा त्यांना एका चटईवर बसवणं कुणाच्या बापाला जमणार नाही, हे विर्दालाही कळत होतं. म्हणून बुधवारी ती तबक घेऊन वर गेली होती. पानं तिने स्वतः पुसली, सुपारी, चुना आणि काताचा तुकडा मांडला, वर कापड घालून गाठ मारली. गाठ मारताना यास्निमार बघत होती. गाठ चांगली बसली होती.

अस्राच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर मोटरसायकल वाजली. विर्दाच्या डोक्यावरच्या रुमालावर तांबडी धूळ होती. "छान झालं," ती म्हणाली, हात धुतले आणि जेवायला बसली. कालवण छान झालंय, हेही म्हणाली. यास्निमारने तबक सोडून आत आणलं. कापड काढलं. पानं सकाळी मांडली होती तशीच होती, फक्त मलूल पडलेली. सुपारीची फोडसुद्धा हललेली नव्हती.

"छान झालं म्हणालीस."

"प्यायला दिलं. कॉफीच्या पानांचा काढा, करवंटीतून. तुझे गुडघे कसे आहेत, विचारलं."

"विर्दा."

मग तिने सांगितलं. मामाने गावातल्या बाकीच्या चारही दातुकांना बोलावून घेतलं होतं, म्हणजे मान पूर्ण दिला. तिने तबक पुढे ठेवलं, कापड उचललं, जे बोलायचं असतं ते सगळं न अडखळता बोलली. मामाने पानाला हात लावला नाही. त्याने विचारलं, हा विडा कुणाच्या घरचा? ती म्हणाली, नदीच्या सभेचा. तेव्हा तो म्हणाला, सभेला चूल आहे का? सभेला आई आहे का? बाकीचे दातुक मिशीत हसले.

"चेष्टा केली तुझी," यास्निमार म्हणाली.

"नाही, अमाक. नंतर मामा म्हणाले ते चेष्टेत नव्हतं." विर्दाने पाण्याचा पेला फिरवला. "म्हणाले, नदीला घर नाही, पोरी. ज्याला घर नाही त्याचा विडा मी खाल्ला, तर उद्या त्याने शब्द मोडल्यावर मी कुणाच्या दारात जाऊन बसू?"

"आणि यंत्रं?"

"विडाच उचलला नाही, तर त्याच्यापुढचं बोलणं कुठून येणार?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, मामा, प्रश्न बरोबर आहे."

यास्निमारने कालवणावर झाकण ठेवलं, ते जरा जोरातच. मग विचारलं, की विडा आपल्या घरचा आहे असं का नाही सांगितलं? तबक तर आजीचंच आहे. विर्दाने मान हलवली. तबक आजीचं, पण ती गेली होती सभेची म्हणून. आपल्या घरचा विडा नेला असता तर एतेक रोसपासून सगळे म्हणाले असते, झाली, नदी मामा-भाचीची झाली. "आणि ते तुझे भाऊ आहेत," ती हळूच म्हणाली. "तुमच्या दोघांत मला हे घालायचं नाही. रविवारी मी कोळ्यांकडे महिनाभराची मुदत मागेन." ते मुदत देणार नाहीत, हे तिच्या आवाजातच होतं. ताट उचलून तिने विसळलं आणि टॉवेल घेऊन अंघोळीला गेली.

न्हाणीतून पाण्याचा आवाज येऊ लागला. यास्निमार तबकाशी बसून मलूल पानं एकेक करून बाजूला काढू लागली.

पोर तिच्या जागी बरोबर होती. मधे बसणाऱ्याने एका बाजूचा विडा न्यायचा नसतो. पण यास्निमार सभेत नव्हती. तिला चूल होती. तिला आई होती, आणि जिथे यंत्रं उभी आहेत तो काठ त्या आईचा होता, म्हणजे आता तिचा. उदाने तो यंत्रवाल्यांना दिला तेव्हा तिला विचारलं नव्हतं. थोरला भाऊ आहे, राखणदार आहे, करतोय ते विचाराने करत असेल, म्हणून तीही बोलली नव्हती. त्या पैशाचा मशिदीला मनोरा झाला, हिरव्या फरशांचा, सगळं गाव त्याकडे मान वर करून बघतं. यंत्रं काढा म्हणणाऱ्या बाईकडे ते गाव कसं बघेल, हेही तिला कळत होतं. आणि उदा दुखावला जाईल. पुराच्या दिवसांत ह्याच नदीतून तिला खांद्यावर घेऊन त्याने शाळेत पोचवलं होतं. तो नसता तर ती शाळेतली बाई झाली नसती. पण तिने बोलू नये असं त्याने कधी म्हटलंही नव्हतं. घरच्या बाईने जमिनीवर नाही म्हटलं, की कुठल्याही दातुकचा हो पुढे जात नाही, हे त्यानेच लहानपणी तिला शिकवलं होतं.

तिने देठं खुडून ताजी पानं काढली आणि पुसायला घेतली. पुसता पुसता तिचा हात थांबला.

उदाला नकार द्यायचा असता तर त्याने तो असा दिला नसता. ताराताकला नकार देणारे प्रश्न विचारत नाहीत. ते विडा उचलतात, बाजूला ठेवतात आणि यंदाच्या डुरियानच्या पिकावर बोलू लागतात. पाहुणा काय ते समजतो आणि घरी जातो. उदाने तसं केलं नव्हतं. चार दातुकांच्या देखत त्याने विचारलं होतं, विडा कुणाच्या घरचा? यंत्रांचा काठ कुणाच्या घरचा आहे हे त्या चौघांना माहीत होतं, आणि सगळ्यात जास्त त्यालाच. एकदा दिलेला शब्द दातुकला स्वतःहून मागे घेता येत नाही. घरच्या बाईने नाही म्हटलं तर मात्र येतो, आणि मानही राहतो. प्रश्न विर्दाला विचारलाच नव्हता. तो तिच्या हाती खाली पाठवला होता. म्हणूनच गुडघ्यांची चौकशी. गुडघे दुखत असतील तर वर येता येत नाही.

यास्निमारला हसू आलं. म्हातारा लबाड तो लबाडच.

तिने पानं मांडली, सुपारी मांडली, काताचा तुकडा बदलला. कापडाची गाठ तिने तिच्या आईसारखी मारली, दोन टोकं आत दुमडून. मग फोन घेतला. दातुकला फोनवरून बोलवत नाहीत, हे साऱ्या नदीला माहीत झालं होतं. पण मी घरी येतेय, एवढं भावाला कळवायला बहिणीला कुणाची बंदी नव्हती. उद्या सकाळी चटई अंथरून ठेव म्हणायचं. चौघांना पुन्हा बसव म्हणायचं. विडा यावेळी आपल्या घरातून निघतोय, आणि काठाचं बोलणं मी स्वतः करणार आहे, हेही फोनवरच सांगून टाकायचं, म्हणजे रात्रभर विचार करायला त्याला वेळ मिळेल आणि सकाळी तो खोटं खोटं चकित होणार नाही.

न्हाणीतलं पाणी थांबलं. विर्दाला हे नंतर सांगू, असं तिने ठरवलं. मला न विचारता केलंस म्हणून ती कदाचित रागावेल. रागावली तर बरंच. एकदा तो राग दिसेल तरी.

तिने उदाचं नाव शोधलं आणि बटण दाबलं.